अनुभव आहे, पण कागद कुठे?

वस्तीतली मुले कॅनडाचे विचारायला येतात. तिथल्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत गेल्या 10 वर्षांतला सलग एक वर्षाचा, म्हणजे 1,560 तासांचा, पगारी कुशल कामाचा अनुभव लागतो. बिनपगारी उमेदवारी धरत नाहीत. मालकाच्या लेटरहेडवर हुद्दा, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, सही हवी. 'मुलगा होतकरू आहे' एवढ्याने भागत नाही. (मी कारकून, असले मोघम दाखले मीही टाईप केलेत!) रोखीने पगार घेणाऱ्या आपल्या वेल्डर-फिटरांचे इथेच अडते.

वाट तरी किती पाहायची? 2012 साली कॅनडाने कायदा करून 27 फेब्रुवारी 2008 पूर्वीचे, निकाल न लागलेले कुशल कामगारांचे अर्ज रद्द केले आणि फी परत दिली. गुणतक्त्यात मात्र पस्तिशीनंतर वयाचा दरवर्षी एक गुण घटतो. तेव्हा नोकरी सोडण्याआधीच पत्र मागून घ्या.