भूपृष्ठीय मध्यबिंदू

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन स्थानांना जोडणाऱ्या लघुतम मार्गाचे दोन समान भाग करणारा बिंदू. पृथ्वी गोल मानल्यास ती दोन स्थाने व पृथ्वीचे केंद्र यांतून जाणारे प्रतल पृष्ठभागास ज्या बृहद्वृत्तात छेदते, त्याचा लघुकंस म्हणजे हा मार्ग होय. दोन्ही स्थाने एकाच व्यासाच्या टोकांशी असल्यास असे मार्ग असंख्य असतात व मध्यबिंदू एकमेव राहत नाही.

दोन स्थानांच्या अक्षांशांची व रेखांशांची सरासरी काढून मध्यबिंदू मिळतो, ही समजूत बरोबर नाही. दोन्ही स्थाने विषुववृत्तावर किंवा एकाच रेखावृत्तावर असताना ती रीत लागू पडते. अल्प अंतरासाठी स्थूलमानाने चालते. परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येत असल्याने एक अंश रेखांशाचे विषुववृत्तावर सु. १११ किमी. असलेले अंतर ६०° अक्षांशावर निम्मे होते. शिवाय १८०° रेखावृत्ताच्या दोन बाजूंस असलेल्या स्थानांच्या बाबतीत सरासरी पृथ्वीच्या विरुद्ध बाजूस नेते.

अचूक रीत : प्रत्येक स्थानासाठी अक्षांश अ (उत्तर धन) व रेखांश र (पूर्व धन) घेऊन पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या एकक सदिशाचे तीन घटक काढतात : क्ष = कोज्या अ × कोज्या र, य = कोज्या अ × ज्या र, झ = ज्या अ. दोन्ही स्थानांच्या घटकांची बेरीज केली असता मिळणारा सदिश मध्यबिंदूची दिशा दर्शवितो. त्यावरून पुन्हा अक्षांश व रेखांश काढतात.

उदा., लंडन (५१·५° उ., ०°) व मुंबई (१९° उ., ७३° पू.) यांच्या घटकांची बेरीज ०·८९९, ०·९०४ व १·१०८ येते. म्हणून मध्यबिंदू सु. ४१° उ., ४५·२° पू. येथे, उत्तर आर्मेनियात, असून तो दोन्ही शहरांपासून सु. ३,६०० किमी. आहे. सरासरीने मिळणारा बिंदू (३५·२५° उ., ३६·५° पू.) सिरियातील हमा शहराजवळ येतो. तो लंडनपासून सु. ३,४१० किमी., तर मुंबईपासून सु. ४,०१० किमी. आहे, म्हणजे तो मध्यावरही नाही व लघुतम मार्गावरही नाही.

पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असून तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सु. २१·४ किमी.नी अधिक आहे. त्यामुळे सूक्ष्म मापनासाठी गोलाऐवजी गोलाभावरील सूत्रे वापरतात. टी. व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली सूत्रे यासाठी प्रचलित आहेत.

विमानवाहतुकीत अंतराच्या मध्यापेक्षा वेळेचा मध्य महत्त्वाचा ठरतो. ज्या बिंदूपासून पुढे जाण्यास व मागे परतण्यास सारखाच वेळ लागतो, त्याचे प्रस्थानस्थानापासूनचे अंतर = एकूण अंतर × परतीचा वेग ÷ (पुढील वेग + परतीचा वेग). येथे वेग जमिनीच्या सापेक्ष घेतात. वाऱ्यामुळे हा बिंदू वारा जिकडून येतो त्या बाजूस सरकतो : ३,८५० किमी.च्या मार्गावर पुढील वेग ताशी ४५० किमी. व परतीचा ३५० किमी. असल्यास तो १,९२५ किमी.वर नसून सु. १,६८४ किमी.वर येतो.

अर्थात हा बिंदू कोणते टोक वेळेने जवळ ते सांगतो. तेथे पोहोचता येईलच, याची हमी देत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी होनोलूलूहून सॅन फ्रॅन्सिस्कोकडे निघालेल्या पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाची दोन एंजिने हा बिंदू ओलांडल्यानंतर निकामी झाली व दोन्ही किनारे आवाक्याबाहेर गेले. त्या मार्गावर तैनात असलेल्या अमेरिकी तटरक्षक दलाच्या ‘पाँचरट्रेन’ या जहाजाभोवती उजाडेपर्यंत घिरट्या घालून ते समुद्रात उतरविण्यात आले आणि विमानातील सर्व ३१ जण वाचले.