साथीचा ताप आणि रजेचा अर्ज

1918 च्या जून महिन्यात मुंबई शहरात इन्फ्ल्युएन्झाची जी साथ सुरू झाली, तिच्या आरंभीच्या नोंदी या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. 10 जून रोजी सात पोलिस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. त्यानंतर आजारी पडलेल्यांच्या वार्ता आल्या त्या एका जहाज कंपनीच्या कचेरीतून, पोर्ट ट्रस्टमधून, एका बँकेतून, तार कचेरीतून, टांकसाळीतून आणि एका कापडगिरणीतून. रोगाच्या प्रवासाची ही यादी म्हणजे कामाच्या ठिकाणांचीच यादी होय. पावसाळ्यानंतर आलेली दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरली. त्या महामारीत देशभरात एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे अनुमान आहे.

आजारपणाच्या दिवसांचे वेतन मिळण्याची कोणतीही कायदेशीर तरतूद त्या काळी गिरणी कामगारांसाठी नव्हती. अंगात ताप असताना खोलीवर पडून राहणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे. अशा स्थितीत उभे राहण्याचे बळ आहे तोवर माणूस कामावर जाणार, हे उघड आहे. आजारपणाच्या रजेकडे सामान्यतः कामगाराला मिळणारी एक सवलत म्हणून पाहिले जाते. साथीच्या काळात मात्र ती सर्वांच्या संरक्षणाचे साधन बनते. प्रश्न एवढाच की, आपले रजेचे नियम रोगाच्या गतीशी जुळणारे आहेत काय?

रोगाचे वेळापत्रक

इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू मुख्यतः खोकताना, शिंकताना व बोलताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतो. तो शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस, बहुधा दोन दिवस लागतात. लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे एक दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो, आणि प्रौढांच्या बाबतीत ही क्षमता आजार सुरू झाल्यानंतर पाच ते सात दिवस टिकते. परंतु संसर्गाचा सर्वाधिक जोर असतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, केवळ रजेच्या जोरावर साथ पूर्णपणे थोपविता येणार नाही; कारण ताप येण्यापूर्वीच काही संसर्ग होऊन गेलेला असतो. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. घरी थांबण्याचे मोल आजाराच्या आरंभी सर्वांत जास्त असते. चौथ्या दिवशी सुरू झालेली विश्रांती रुग्णाला उपकारक ठरेल, पण त्याच्या शेजारी बसणाऱ्याला तिचा फारसा उपयोग होणार नाही.

कामावर परत केव्हा यावे, याबाबत एक सोपा नियम रूढ आहे. तापावरील कोणतेही औषध न घेता निदान चोवीस तास ताप नसेल, तरच घराबाहेर पडावे. यातील ‘औषध न घेता’ हे शब्द मोलाचे आहेत. सकाळी पॅरासिटामोलची गोळी घेऊन पाळीवर आलेल्या कामगाराचे अंग थंड लागते आणि त्याला हुशारीही वाटते. परंतु त्या गोळीने उतरलेला असतो तो ताप. विषाणू आपल्या जागी तसाच असतो.

कायद्याने दिलेली रजा

1948 च्या कारखाने अधिनियमाने वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. या रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागे. आजारपणासाठी ती हवी असल्यास ही अट लागू नव्हती. पण आजारासाठी वेगळी रजा त्या कायद्यात नव्हती. दुकाने व आस्थापनांविषयीचे कायदे राज्याराज्यांत भिन्न आहेत. उदाहरणार्थ, दिल्लीच्या 1954 च्या कायद्यात आजारपण किंवा नैमित्तिक कारणासाठी वर्षाला बारा दिवसांची तरतूद करण्यात आली.

औद्योगिक कामगारांच्या आजारपणाचा खरा विचार झाला तो विम्याच्या मार्गाने. प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 मध्ये आरोग्य विम्याविषयी अहवाल सादर केला. त्यातून 1948 चा कायदा आला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे कर्मचारी राज्य विमा योजनेचा प्रारंभ झाला. कामगार व मालक या दोघांच्या वर्गणीतून चालणाऱ्या या योजनेने आजारी कामगाराला औषधोपचाराबरोबरच रोख रक्कमही देऊ केली. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेल्या कामगाराला वर्षाला 91 दिवसांपर्यंत हा लाभ मिळण्याची तरतूद झाली, आणि लाभाचे प्रमाण पुढे वेतनाच्या 70 टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. 1918 च्या असहायतेशी तुलना करता हे पाऊल फार मोठे होते.

पहिले दोन दिवस

तथापि या योजनेत आरंभापासून एक अट होती. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा रोख लाभ मिळत नसे. अपवाद होता तो आधीच्या आजारानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडणाऱ्याचा. जगातील अनेक विमा योजनांत अशा प्रतीक्षा-दिवसांची पद्धत आहे. किरकोळ दुखण्यांसाठी कागदपत्रांचा व्याप वाढू नये आणि खोट्या आजाराला आळा बसावा, हा तिचा हेतू. सर्वसाधारण काळात हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे.

साथीच्या काळात त्याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दिवसाला 500 रुपये मिळविणाऱ्या एका विमाधारक कामगाराला सोमवारी सकाळी ताप भरला, आणि त्याच्या कारखान्यात आजारपणाची स्वतंत्र रजा नाही, असे समजा. तो सोमवार, मंगळवार व बुधवार घरी राहिला, तर 1,500 रुपयांऐवजी त्याला केवळ बुधवारचे 350 रुपये मिळतील. वार्षिक रजा खर्च करून हा तोटा तो भरून काढू शकेल. पण ती रजा त्याने गावी जाण्यासाठी राखून ठेवलेली असते. म्हणजे ज्या दोन दिवसांत तो इतरांना सर्वाधिक धोकादायक असतो, नेमक्या त्याच दोन दिवसांत घरी थांबण्याची किंमत त्याला स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. हा दोष ओळखूनच ब्रिटन व स्वीडन या देशांनी 2020 च्या कोविड महामारीत प्रतीक्षा-दिवसांची अट तात्पुरती दूर केली होती.

दुसरी अडचण वैद्यकीय प्रमाणपत्राची. 2009 मध्ये नव्या एच1एन1 फ्लूची साथ भारतात आली, तेव्हा आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे तीन वर्ग पाडले. सौम्य लक्षणांच्या पहिल्या वर्गातील रुग्णाने घरीच राहावे, त्याची तपासणी करण्याचे कारण नाही, असे ठरले. परंतु एक नियम ज्याला घरी राहा म्हणतो, त्यालाच दुसरा नियम प्रमाणपत्रासाठी दवाखान्याच्या रांगेत उभा करतो. त्या रांगेत दमेकरी असतात, गरोदर स्त्रिया असतात, वृद्ध असतात. आणि फ्लूपासून सर्वाधिक जपावयाचे ते यांनाच. ब्रिटनमध्ये पहिल्या सात दिवसांसाठी कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन पुरेसे मानले जाते.

घरात रुग्ण असलेल्या निरोगी कर्मचाऱ्याचाही विचार करावा लागतो. केंद्र सरकारच्या सेवानियमांत पूर्वी ‘संसर्गरोध रजा’ होती. घरात सांसर्गिक रोग असल्यास कर्मचाऱ्याला 21 दिवसांपर्यंत, अपवादात्मक स्थितीत 30 दिवसांपर्यंत कामापासून दूर ठेवीत व त्याचे वेतन चालू ठेवीत. ही तरतूद पुढे रद्द झाली. 2021 मध्ये, आई-वडील वा अवलंबित कुटुंबीय कोविडबाधित असल्यास 15 दिवसांची विशेष नैमित्तिक रजा देण्यात आली, तेव्हा तोच जुना विचार नव्या रूपात परत आला.

साथीपूर्वीची तयारी

भारतात फ्लूचा जोर सामान्यतः जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढतो. तेव्हा व्यवस्थापनाला पूर्वतयारीस अवसर मिळतो. आजारी पडल्यास कोणाला कळवावे, किती दिवसांपर्यंत प्रमाणपत्र मागितले जाणार नाही आणि वेतनाचे काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे कामगारांच्या भाषेत लिहून हजेरीच्या जागी लावणे ही पहिली पायरी. प्रत्येक कामाला किमान दोन जाणकार हात तयार ठेवणे ही दुसरी. कारण आपल्यावाचून यंत्र बंद पडेल या धास्तीनेही माणसे तापात कामावर येतात. खिडक्या उघड्या ठेवणे, हात धुण्याची सोय करणे, दरवर्षीची लस उपलब्ध करून देणे हे उपाय त्यानंतरचे. शंभर टक्के हजेरीबद्दल बक्षीस देण्याची प्रथा असल्यास साथीच्या महिन्यांत ती स्थगित ठेवणे श्रेयस्कर होय.

कर्मचाऱ्यानेही ताप येताच कळवावे, घरी वेगळे राहावे आणि धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे किंवा ताप उतरून पुन्हा चढणे यांपैकी काहीही दिसल्यास प्रमाणपत्राचा विचार बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. विषाणूविरोधी औषधाचा गुण आजाराच्या पहिल्या 48 तासांत सर्वाधिक येतो, हेही ध्यानात ठेवावे.

हे सर्व झाले हजेरीपटावर नाव असलेल्यांविषयी. देशातील दर दहा कामगारांपैकी सुमारे नऊ जण असंघटित स्वरूपाच्या कामावर जगतात. रोजंदारीवरील हमालाला किंवा कंत्राटी सफाई कामगाराला रजेचा अर्ज कोणाकडे द्यावयाचा हेच ठाऊक नसते. परंतु विषाणू हजेरीपट पाहून फिरत नाही. ज्या कचेरीने आपल्या कारकुनांना रजा दिली आणि त्याच कचेरीत झाडू मारणाऱ्या बाईला तापात कामावर येणे भाग पाडले, तिने आपले एक दार लावून घेतले आणि दुसरे सताड उघडे ठेवले, असेच म्हणावे लागेल.