अप, अप्पर, हेड आणि लिफ्ट

‘वर’ या दिशेचे इंग्रजी शब्द मराठीत आले ते मुख्यतः यंत्रांबरोबर आणि सरकारी कारभाराबरोबर. डोंगर चढण्यासाठी किंवा बाजारभाव सांगण्यासाठी मराठी माणसाला परका शब्द लागला नव्हता. रेल्वे, धरणे, पंप, मोटारगाड्या आल्या, आणि त्यांच्यासोबत त्यांची भाषाही आली. अहिल्यानगर जिल्ह्यात या साऱ्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेल्या आहेत, त्यामुळे ‘वर’चे हे इंग्रजी सोबती इथे पदोपदी भेटतात.

त्यांत ‘अप’ बराच जुना. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि अहिल्यानगर, म्हणजे बोलण्यातले नगर, रेल्वेच्या नकाशावर आले. रेल्वेच्या भाषेत ‘अप’चा चढाशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये लंडनकडे जाणारी गाडी अप आणि लंडनहून निघणारी डाऊन, तसेच इथे मुंबईकडे जाणारी अप आणि मुंबईहून येणारी डाऊन. म्हणूनच मुंबईहून सुटणारी १२१२३ क्रमांकाची डेक्कन क्वीन बोरघाट चढून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्याला येते, तरी ती डाऊन. परतीची १२१२४ घाट उतरते, तरी ती अप.

स्टेशनाबाहेर पडून या जोडशब्दाने मराठीत वेगळाच संसार थाटला. ‘अपडाऊन करणे’ म्हणजे रोज नोकरीच्या गावी जाऊन संध्याकाळी घरी परतणे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्या बोलण्यात हा शब्द हमखास येतो. “सर इथेच राहतात का?” “नाही, नगरहून अपडाऊन करतात.” मुख्यालयी राहण्याच्या अटीवरून गावात वाद निघाला, तरी दोन्ही बाजू हाच शब्द वापरतात. गाडी एसटी असो की मोटारसायकल, रस्ता चढाचा असो की सपाट, शब्द तोच. इंग्रजीत या अर्थाने कोणी असे म्हणत नाही. हा अर्थ घडला तो भारतीय भाषांतच.

पाटपाण्याच्या भाषेत ‘वर’साठी ‘हेड’ आहे. कालवा जिथे सुरू होतो ते हेड, जिथे संपतो ते टेल. प्रवरा नदीचे जुने कालवे संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यातून निघतात आणि त्यांना पाणी पुरवते १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण. आवर्तन सुटले की हेडच्या शेतकऱ्याच्या दारात पाणी आधी पोहोचते, टेलचा वाट पाहत राहतो. म्हणून ‘टेल टू हेड’, म्हणजे शेवटच्या शेतापासून भरणे सुरू करा, ही मागणी दर उन्हाळ्यात होते. ती न्याय्यच आहे. पंपाच्या दुकानात मात्र हेडचा अर्थ निराळा. विहीर किंवा बोअरमधले पाणी किती उंच चढवायचे, ती उंची म्हणजे हेड. मोटारीच्या पट्टीवर ते मीटरमध्ये लिहिलेले असते आणि दुकानदार आधी विचारतो, “हेड किती पडतंय?” पाणी जितके खोल जाते, तितके हेड वाढते आणि तितकीच ते उपसायला लागणारी वीजही.

‘लिफ्ट’चे तसेच. शहरात ती इमारतीत असते, रस्त्यावर ती अनोळखी दुचाकीस्वाराकडे मागायची असते आणि नदीकाठी तीच उपसा योजना असते: नदीतून पाणी उचलायचे, जलवाहिनीने चढावरच्या शेतात टाकायचे. कागदावर ‘उपसा सिंचन’ हा अस्सल मराठी शब्द आहे आणि तो चांगलाही आहे. बोलताना मात्र ‘आमची लिफ्ट’ असेच ऐकू येते.

सरकारी कागदांत ‘अप्पर’चे ‘ऊर्ध्व’ होते. अकोले तालुक्यातल्या निळवंडे धरणाच्या प्रकल्पाचे नाव ‘ऊर्ध्व प्रवरा’. धरण ओझरच्या वर असले तरी भंडारदऱ्याच्या खाली आहे. प्रकल्पाची कल्पना १९७० ची. डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. कालव्याची वाट पाहण्यात हयात घालवलेल्या गावांनी ‘ऊर्ध्व’ कधी उच्चारला नाही, त्यांच्यासाठी ते केवळ निळवंडे. ‘अपर जिल्हाधिकारी’मधला ‘अपर’ मात्र संस्कृत आहे, त्याचा अर्थ ‘दुसरा’. लोक त्यालाही अप्परच म्हणतात. खरा अप्पर रात्री रस्त्यावर दिसतो. समोरून येणाऱ्याने दिव्याचा झोत वर ठेवला, तर तो ‘अप्पर’, खाली घेतला तर ‘डिप्पर’. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यांवर वेळेवर डिप्पर देण्याने जीव वाचतात.

चेकअप, मेकअप, बॅकअप, पिकअप यांतला ‘अप’ मात्र मराठी कानाला वेगळा ऐकूच येत नाही. ते अखंड शब्द म्हणून घेतले गेले. ‘वर’चा आणखी एक सोबती ‘हाय’: ‘बीपी हाय झालं’ हे दवाखान्यातून घरात आले.

यंत्र आणि कचेरी मागे पडली की हे शब्दही विरळ होतात. बारी गावातून १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर जाणारे गावकरी ‘वर’ जातात, ‘माथ्यावर’ पोहोचतात. ‘टॉप’ ट्रेकरांच्या तोंडी. नेप्तीच्या कांदा बाजारातही भाव चढतो, वधारतो, तेजी येते, आणि लिलावातले हे शब्द अजून बदललेले नाहीत.