डिस्क भरते ती तुमच्या कोडने नव्हे

चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा कुठल्याही कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले, की २५६ जीबीच्या लॅपटॉपवर सी ड्राइव्हची पट्टी लाल होते. मग फोटो उडवले जातात, सिनेमे पेनड्राइव्हवर जातात. जागा खाणारं ‘नोड_मॉड्यूल्स’ हे बाहेरून उतरवलेल्या पॅकेजेसचं फोल्डर मात्र नोडच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये सुखरूप राहतं, कारण त्याच्याबद्दलचे समजच भलते आहेत.

पहिला समज म्हणजे, हे फोल्डर डिलीट केलं की प्रोजेक्ट गेला. खरं तर त्यात तुम्ही लिहिलेली एक ओळही नसते. कोणती पॅकेजेस लागतात ते ‘पॅकेज.जेसन’मध्ये आणि नेमक्या कोणत्या आवृत्त्या ते ‘पॅकेज-लॉक.जेसन’मध्ये नोंदलेलं असतं. या दोन फायली जपा. पॅकेजेस उतरवणाऱ्या एनपीएमला ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा दिली की त्याच आवृत्त्या पुन्हा उतरतात. तेव्हा सबमिशन होऊन गेलेल्या प्रोजेक्टपासून सुरुवात करा. गाइडला द्यायच्या झिपमध्ये हे फोल्डर कोंबणं तर शुद्ध हमाली. खुद्द नोडचा कर्ता रायन डाल यानेही २०१८ साली आपल्या पश्चात्तापांच्या यादीत नोड_मॉड्यूल्सचं नाव घेतलं होतं.

‘एनपीएमचा कॅश असतो, म्हणजे दहा प्रोजेक्टमध्ये रिअॅक्ट एकदाच साठतं,’ हेही अनेकदा ऐकू येतं. कॅशमध्ये डाउनलोड केलेली दाबलेली प्रत राहते, त्यामुळे नेट वाचतं. डिस्क वाचत नाही, कारण दर प्रोजेक्टमध्ये पॅकेज उलगडून त्याची अख्खी नवी प्रत ठेवली जाते. शिवाय फायली हजारो आणि चिमुकल्या. विंडोजमध्ये डिस्क सहसा ४ केबीच्या तुकड्यांनी वाटली जाते, त्यामुळे १ केबीची फाइलही बहुतेक वेळा अख्खा तुकडा अडवते. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे आकडे वेगळे दिसतात ते त्यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे एनपीएमऐवजी वापरायचं पीएनपीएम. ते पॅकेजमधली प्रत्येक फाइल तिच्या मजकुरावरून ओळखतं आणि एका सामायिक स्टोअरमध्ये एकदाच ठेवतं. प्रोजेक्टमध्ये तिची हार्ड लिंक येते. पॅकेजच्या शंभर फायलींपैकी नव्या आवृत्तीत एकच बदलली, तर स्टोअरमध्ये भर पडते ती तेवढ्या एका फाइलची.

पण इथेही लोक फसतात. पीएनपीएम वापरल्यावर फोल्डरवर राइट क्लिक करतात, आकडा जवळपास पूर्वीइतकाच दिसतो आणि ‘काही वाचलं नाही’ म्हणून परत एनपीएमकडे वळतात. हार्ड लिंक म्हणजे त्याच फाइलचं आणखी एक नाव. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असली म्हणून जमीन चौपट होत नाही, आणि एकाचं नाव कमी केलं म्हणून ती नाहीशीही होत नाही. एक्सप्लोरर मात्र दर नावाला पूर्ण क्षेत्र मोजतो. म्हणून फोल्डरचा आकार पाहू नका, ड्राइव्हवरची मोकळी जागा आधी आणि नंतर पाहा. एक प्रोजेक्ट उडवला तर दुसरा मोडेल, ही भीतीही याच कारणाने फोल.

अटी मात्र आहेत. हार्ड लिंक एकाच ड्राइव्हच्या आत चालते. काही प्रोजेक्ट सी वर आणि काही डी वर असतील, तर डी साठी पीएनपीएम स्वतंत्र स्टोअर उघडतं. त्यापेक्षा सगळे एकाच ड्राइव्हवर ठेवा. एक्सफॅट पेनड्राइव्हवर हार्ड लिंक होतच नाही, आणि पीएनपीएमचं नेहमीचं इन्स्टॉलही तिथे फसतं. प्रोजेक्ट डिलीट केले तरी स्टोअर आपोआप रिकामं होत नाही, त्यासाठी ‘पीएनपीएम स्टोअर प्रून’ चालवावं लागतं. आणि पॅकेजच्या आतली फाइल हाताने बदलू नका. हार्ड लिंक असेल तर तो बदल दुसऱ्या प्रोजेक्टमध्येही उमटेल.

‘पीएनपीएमने माझा चालू कोड बिघडवला’ ही तक्रार बहुधा चुकीच्या पत्त्यावर जाते. पॅकेज.जेसनमध्ये न नोंदवलेलं, पण दुसऱ्या पॅकेजसोबत आलेलं काहीतरी आपण वापरत असतो. एनपीएममध्ये ते खपून जातं, पीएनपीएम अडवतं. ते पॅकेज रीतसर नोंदवलं की काम झालं.

पीएनपीएमवर जायचं तर जुनं नोड_मॉड्यूल्स काढा, ‘पीएनपीएम इम्पोर्ट’ने जुन्या लॉक फाइलवरून नवी करून घ्या, मग ‘पीएनपीएम इन्स्टॉल’. मात्र हे आधी ग्रुपमधल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. दोघे एनपीएमवर आणि दोघे पीएनपीएमवर राहिले, तर गिटमध्ये दोन लॉक फायली होतात आणि दोन्हींत आवृत्त्या वेगळ्या निघू शकतात.