कॅशबॅकचे दशक: दैनंदिन खरेदी आणि क्रेडिट कार्ड यांच्या नात्याचा मागोवा

दैनंदिन खरेदीचे पैसे क्रेडिट कार्डाने चुकते करून त्यातला काही भाग परत मिळवण्याची सवय भारतीय मध्यमवर्गात खऱ्या अर्थाने रुजली ती २०१६ नंतरच्या दशकात. या दशकाचा हिशेब नीट तपासला तर असे आढळते की, कॅशबॅकचे जाहीर दर त्या मानाने फारसे उतरले नाहीत. मात्र ते दर ज्या खर्चांना लागू होतात त्यांची यादी आणि दरमहा परत मिळू शकणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा या दोन्ही गोष्टी सतत आक्रसत गेल्या. ग्राहकाच्या पदरात प्रत्यक्ष किती पैसे पडतात हे दरापेक्षा या दोन गोष्टींवरच अधिक अवलंबून असते, आणि जाहिरातींत ठळक अक्षरांत छापला जाणारा दर पाहून कार्ड निवडणाऱ्यांचा अंदाज वारंवार चुकला तो याच कारणाने.

कार्डाने केलेल्या खर्चाच्या ठरावीक टक्के रक्कम बँकेने ग्राहकाच्या पुढच्या बिलातून वजा करणे किंवा त्याच्या खात्यात जमा करणे, यास कॅशबॅक म्हणतात. रिवॉर्ड पॉइंटपेक्षा तो वेगळा आहे, कारण पॉइंटची किंमत बँक ठरवते व बदलू शकते, तर कॅशबॅकचा रुपया हा रुपयाच राहतो. या कल्पनेला व्यापक रूप दिले ते अमेरिकेतल्या सिअर्स या दुकानसाखळीने १९८६ मध्ये देशभर आणलेल्या डिस्कव्हर कार्डाने; त्याला वार्षिक शुल्क नव्हते आणि खरेदीच्या एक टक्क्यापर्यंत रक्कम परत मिळत असे. भारतात डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ मध्ये आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे क्रेडिट कार्ड १९८० मध्ये आले असले, तरी पुढची अनेक वर्षे कार्ड ही प्रतिष्ठेची आणि प्रवासाची वस्तू राहिली. वाणसामान, औषधे, मुलांचे कपडे अशा खरेदीशी तिचा संबंध क्वचितच येई.

परत मिळणारा हा पैसा येतो कुठून, हे कळल्याशिवाय पुढच्या घडामोडींचा अर्थ लागत नाही. ग्राहकाने दुकानात १,००० रुपयांसाठी कार्ड वापरले की दुकानदाराला पूर्ण १,००० रुपये मिळत नाहीत; त्यातून काही टक्के कापले जातात आणि या कपातीला मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजेच बोलीतला एमडीआर, म्हणतात. क्रेडिट कार्डावर ही कपात साधारणपणे दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असते. तिचा मोठा वाटा ‘इंटरचेंज’ या नावाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि उरलेला भाग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळे व दुकानदाराची बँक यांच्यात वाटला जातो. एक-दीड टक्क्याचा कॅशबॅक या वाट्यातून सहज निघतो. पाच टक्क्यांचा मात्र निघत नाही, आणि म्हणून जिथे पाच टक्के दिले जातात तिथे तूट भरून काढणारे दुसरे कोणीतरी असते: कधी आपल्या जाहिरातखर्चातून वाटा उचलणारी ऑनलाइन बाजारपेठ, कधी वार्षिक शुल्क भरूनही कार्ड न वापरणारा ग्राहक, आणि बऱ्याचदा बिल थकवून व्याज भरणारा कर्जदार.

या व्यवस्थेला भारतात एक खास वळण मिळाले ते डेबिट कार्डावरील नियमांमुळे. रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाचा एमडीआर २०१२ मध्ये मर्यादित केला, १ जानेवारी २०१८ पासून छोट्या दुकानदारांसाठी तो ०.४० टक्क्यांपर्यंत खाली आणला, आणि १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय या दोहोंवरील एमडीआर सरकारने शून्य केला. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा घातली गेली नाही. परिणामी ग्राहकाला काही परत देता येईल इतके उत्पन्न बँकांसाठी प्रामुख्याने क्रेडिट कार्डाच्याच व्यवहारांत उरले आणि बक्षिसांची सारी चढाओढ तिथे एकवटली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डाचे इंटरचेंज ०.३ टक्क्यावर बांधले, त्यापूर्वी ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये ते खाली आणले, आणि दोन्हीकडे कार्डांवरील बक्षिसे रोडावली. कॅशबॅकचे औदार्य हे अखेर नियामकाने मोकळ्या ठेवलेल्या जागेचे मोजमाप असते, असे या तुलनेतून म्हणता येते.

नोटाबंदीनंतरचा पहिला अनुभवही हेच सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर रोकडविरहित व्यवहारांना उत्तेजन म्हणून सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर डिजिटल मार्गाने पैसे देणाऱ्यांना इंधनाच्या किमतीत ०.७५ टक्के सूट मिळू लागली आणि पेट्रोलसाठी कार्ड वापरण्याची सवय अनेकांना तेव्हाच लागली. क्रेडिट कार्डापुरती ही सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. सवय मात्र राहिली, आणि इंधनाला बहुतेक कार्डे कॅशबॅक देत नाहीत हे ठाऊक नसलेले ग्राहक पंपावर क्रेडिट कार्ड वापरत राहिले.

दशकाचा मधला टप्पा को-ब्रँडेड कार्डांचा, म्हणजे बँक आणि विक्रेता यांनी मिळून काढलेल्या कार्डांचा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲमेझॉन पे आणि आयसीआयसीआय बँक यांचे कार्ड आले. त्याला वार्षिक शुल्क नव्हते, ॲमेझॉनवरील खरेदीवर प्राइम सदस्यांना पाच आणि इतरांना तीन टक्के परत मिळत, आणि बाहेरच्या खरेदीवर एक टक्का. जुलै २०१९ मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲक्सिस बँक यांचे, २०२० मध्ये गुगल पेसह ॲक्सिस बँकेचे एस हे कार्ड आले. एसवर इतर सर्व खरेदीसाठी सुरुवातीला दोन टक्के मिळत, ते पुढे दीड झाले. याच सुमारास टाळेबंदीने किराणा, भाजी, औषधे यांची खरेदी मोबाइलवर आणली आणि कॅशबॅक हा प्रथमच घरखर्चाच्या हिशेबातला नियमित आकडा बनला. १ सप्टेंबर २०२२ रोजी एसबीआय कार्डने आणलेल्या कॅशबॅक कार्डाने या टप्प्याचे शिखर गाठले, कारण ९९९ रुपयांच्या वार्षिक शुल्कात, विक्रेता कोणताही असला तरी, ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के परत देण्याचे त्याचे आश्वासन होते आणि महिन्याची मर्यादा होती १०,००० रुपये. मार्च २०१६ मध्ये देशात सुमारे अडीच कोटी क्रेडिट कार्डे होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी १० कोटींचा आकडा ओलांडला.

उतार त्याच शिखरापासून सुरू झाला. १ मे २०२३ पासून एसबीआयच्या त्या कार्डाची मासिक मर्यादा ५,००० रुपयांवर आली आणि दागिने, शिक्षणशुल्क, वीज-पाण्याची बिले, विमा, रेल्वे असे खर्च कॅशबॅकमधून वगळले गेले. पाच टक्के हा दर तसाच राहिला. फक्त पूर्वी दोन लाखांच्या मासिक खर्चापर्यंत मिळणारा लाभ आता एका लाखावर थांबला. घरभाड्याची कथा याहून बोलकी आहे. काही ॲपद्वारे भाडे कार्डाने भरण्याची सोय निर्माण झाल्यावर, प्रत्यक्षात भाडे नसतानाही नातेवाइकांच्या खात्यात पैसे वळवून बक्षिसे आणि बिनव्याजी मुदत मिळवण्याचा प्रकार वाढला. आयसीआयसीआय बँकेने २० ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या व्यवहारांवर एक टक्का शुल्क लावले, एसबीआय कार्डने त्याच नोव्हेंबरात ९९ रुपये अधिक कर आकारायला सुरुवात केली, आणि इतर बँकाही त्याच मार्गाने गेल्या. मे २०२४ मध्ये येस बँक व आयडीएफसी फर्स्ट बँक यांनी ठरावीक रकमेपलीकडच्या वीज-गॅस-फोनसारख्या बिलांवर एक टक्का शुल्क लावले. दरम्यान, नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डाच्या येणे रकमेवरील जोखीमभार बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के केला. अशा कर्जामागे बँकेला बाजूला ठेवावे लागणारे भांडवल त्यामुळे वाढले आणि तोट्यातली बक्षिसे चालवण्याची बँकांची तयारी आणखी घटली, असे मानण्यास जागा आहे. ज्यांनी व्यवस्थेचा गैरफायदा घेतला ते थोडे होते, पण त्याची किंमत खरोखरीचे भाडे भरणाऱ्या भाडेकरूंनाही मोजावी लागली, ही या काळातली खेदाची बाब आहे.

या बदलांनंतर एखाद्या कुटुंबाला नेमके किती मिळते, याचा हिशेब उद्‌बोधक ठरतो. दरमहा ४०,००० रुपये कार्डाने खर्च करणाऱ्या घरात १५,००० रुपयांची ऑनलाइन खरेदी पाच टक्क्यांनी ७५० रुपये परत आणते, सुपरमार्केट व इतर दुकानांतले १०,००० रुपये एक टक्क्याने १०० रुपये आणतात, आणि विमा, शाळेची फी, महावितरणचे बिल व पेट्रोल यांवरचे उरलेले १५,००० रुपये बहुधा काहीच आणत नाहीत. एकूण परतावा ८५० रुपये, म्हणजे खर्चाच्या सव्वादोन टक्क्यांहूनही कमी. हाच त्या घराचा प्रभावी दर होय आणि कार्डांची तुलना याच दराने करायला हवी. हा दर वाढवण्याचा प्रामाणिक मार्ग एकच आहे: मागील वर्षभराचा खर्च प्रकारवार मांडावा, सर्वांत मोठा प्रकार ज्या कार्डाच्या सवलतीत बसतो ते कार्ड घ्यावे आणि शुल्काचा भार त्यातून वजा करावा. उदाहरणार्थ, ९९९ रुपयांचे शुल्क १८ टक्के जीएसटीसह सुमारे १,१७९ रुपये होते. एक टक्का देणाऱ्या निःशुल्क कार्डाच्या तुलनेत पाच टक्क्यांच्या कार्डाने ते भरून निघण्यासाठी वर्षाला साडेएकोणतीस हजारांच्या आसपास पात्र खरेदी व्हावी लागते. बहुतेक घरांना दोन, फार तर तीन कार्डे पुरतात. त्यापुढे लक्षात ठेवण्याच्या तारखा वाढतात, परतावा फारसा वाढत नाही.

रस्त्यावरच्या दुकानांच्या बाबतीत मोठा बदल घडला तो २० सप्टेंबर २०२२ नंतर, जेव्हा रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्याची सोय सुरू झाली आणि कार्डाचे यंत्र नसलेल्या किराणा दुकानातही क्यूआर कोडवरून क्रेडिट कार्ड चालू लागले. छोट्या दुकानदारांकडील २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांवर एमडीआर नसल्याने बँकेला तिथे उत्पन्न मिळत नाही, आणि त्यामुळे या मार्गावरील बक्षिसेही लवकर आटली: टाटा न्यू इन्फिनिटी या एचडीएफसी बँकेच्या कार्डावर १ ऑगस्ट २०२४ पासून टाटा न्यूच्या यूपीआय आयडीने केलेल्या खर्चाला दीड, तर इतर आयडीने केलेल्या खर्चाला अर्धा टक्का मिळू लागला, तोही टाटांच्या दालनांत वापरायच्या नाण्यांच्या रूपात. कार्डावर दोन टक्के जास्त मागणाऱ्या दुकानात एक टक्क्याच्या कॅशबॅकसाठी कार्ड पुढे करणे हा सरळ तोटा आहे. तिथे रोख किंवा बँकखात्यातून केलेले यूपीआय देणेच योग्य.

मात्र या साऱ्या हिशेबावर एका गोष्टीने पाणी फिरते, आणि ती म्हणजे थकलेले बिल. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला ३.७५ टक्क्यांपर्यंत असते. वरच्या उदाहरणातले ४०,००० रुपये एक महिना थकले तर १,५०० रुपये व्याज आणि त्यावर २७० रुपये जीएसटी, असे १,७७० रुपये जातात, म्हणजे दोन महिन्यांच्या संपूर्ण कॅशबॅकहून अधिक. शिवाय बिलात छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरल्याने केवळ विलंबशुल्क टळते. व्याज चालूच राहते आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला आणि बँकांसमोरची तीही आडकाठी गेली. जास्त खर्चाचा मोहदेखील याच जातीचा आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोखीने देणाऱ्यांच्या दुपटीपर्यंत किंमत देऊ केली होती. शुल्कमाफीची खर्चमर्यादा गाठण्यासाठी केलेली अनावश्यक खरेदी पाच टक्के परत आणते आणि पंचाण्णव टक्के घालवते.

या सुखसोयीचा भार कोण वाहतो, हा प्रश्न भारतात पुरेसा विचारला गेलेला नाही. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील संशोधकांनी २०१० मध्ये अमेरिकेपुरता असा अंदाज मांडला की, रोखीने खरेदी करणारे प्रत्येक कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्ड वापरणाऱ्यांकडे वळते करते, कारण दुकानदार एमडीआरचा बोजा सर्वांसाठी सारख्याच असलेल्या किमतीत मिसळतो. आपल्याकडे आकडे वेगळे असतील, पण सुपरमार्केटच्या एकाच रांगेत रोख देणारी घरकामगार स्त्री आणि कार्ड देणारा पगारदार हे समान किंमत मोजतात आणि परतावा फक्त दुसऱ्याला मिळतो, हे इथेही खरेच आहे.

बदललेल्या अटींपुढे ग्राहक अगदी असहाय आहे असे मात्र नाही. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्डाच्या शुल्कातील बदल किमान एक महिना आधी कळवावा लागतो, आणि थकबाकी नसलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्याची विनंती केल्यास ती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने ग्राहकाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. वार्षिक शुल्काची तारीख जवळ आली की प्रभावी दर पुन्हा एकदा काढावा, आणि तो शुल्काला पुरून उरत नसेल तर हा हक्क वाचकांनी निःसंकोच वापरावा.