दिवाळीचा फराळ आणि बालकांचा आहार

प्रथम सत्र संपून दिवाळीची सुट्टी जवळ येते, तेव्हा शिक्षकांच्या मनात उत्तरपत्रिका, निकाल आणि सुट्टीतील अभ्यास यांचाच विचार प्रामुख्याने असतो. परंतु याच दिवसांत विद्यार्थ्यांच्या आहारात मोठा पालट होत असतो, इकडे सहसा लक्ष जात नाही. एरव्ही भाकरी, भात, आमटी, भाजी खाणारे मूल काही दिवस लाडू, करंज्या, शंकरपाळे व चकल्या यांवरच राहते. त्याच गावातील दुसऱ्या एखाद्या मुलाला मात्र शाळा बंद असल्यामुळे दुपारचे शालेय भोजनही मिळेनासे होते. वर्गात शेजारी शेजारी बसणाऱ्या या दोन मुलांना शिक्षकाने आहाराचा एकच पाठ द्यावयाचा असतो. तो पाठ पहिल्याला पटला पाहिजे आणि दुसऱ्याला लागता कामा नये.

फराळाची मूळ रीत

फराळाच्या पदार्थांत एक समान गुण आहे, ते टिकतात. चकली, शेव, कडबोळी तळताना त्यांतील पाणी निघून जाते. लाडवात व अनारशात साखर किंवा गूळ भरपूर असल्यामुळे उरलेला ओलावा साखरेशी बांधला जातो. पाणी मोकळे नसले की जंतूंची वाढ होत नाही, आणि पदार्थ कित्येक दिवस चांगला राहतो. सणाच्या आधी एकदाच करून ठेवावा, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे ताटली ठेवावी, शेजारीपाजारी डबा पाठवावा, लेकीबाळींना बरोबर द्यावा, यासाठी हे पदार्थ योजलेले आहेत. जो पदार्थ मुळातच पुरवून खाण्यासाठी केलेला असतो, तो दोन दिवसांत संपविण्याची घाई करण्याचे कारण नाही. मुलांना संयम शिकविताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो. कारण त्यात खाऊ नका असे सांगावे लागत नाही, पुरवून खा एवढेच सांगावे लागते.

शिवाय या पदार्थांत पोषणही आहे. भाजणीत तांदूळ व निरनिराळ्या डाळी एकत्र येतात. तृणधान्यातील प्रथिनांत जे कमी असते ते डाळीतील प्रथिने भरून काढतात, आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. चिवड्यातील शेंगदाणे व डाळे, लाडवातील बेसन, संक्रांतीच्या तिळगुळातील तीळ हे सर्व सकस जिन्नस होत. तेव्हा फराळ म्हणजे वाईट अन्न, असा समज मुलांचा करून देऊ नये. दोष पदार्थांत नसून त्यांतील साखर व तेल-तूप किती आणि ते किती वेळा पोटात जाते, यात असतो. पूर्वी साखर-तूप सणासुदीलाच हाती लागे. आज चहा, बिस्किटे, गोळ्या, चॉकलेटे यांतून साखर रोजच पोटात जाते, आणि सणाची साखर तिच्यावर चढते. म्हणून खरा आवर रोजच्या पुड्यांना घालावयाचा आहे. तो घातला तर सणाच्या लाडवाला जागा आपोआप होते.

लाडवाचा हिशोब

उपदेशापेक्षा उदाहरण मुलांच्या अधिक ध्यानात राहते. चौथी-पाचवीच्या वर्गात पुढील हिशोब फळ्यावर मांडता येईल.

अर्धा किलो बेसन, ४०० ग्रॅम पिठीसाखर व २५० ग्रॅम तूप घेऊन २५ लाडू वळले, तर एका लाडवात साखर १६ ग्रॅम व तूप १० ग्रॅम येते. एक ग्रॅम साखरेपासून ४ व एक ग्रॅम तुपापासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणजे साखरेच्या ६४ व तुपाच्या ९०. बेसनाची ऊर्जा निराळी.

आता मर्यादा पाहू. साखर, गूळ, मध अशा वरून घातलेल्या गोडापासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी ठेवता आल्यास अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसास सुमारे १,७०० किलोकॅलरी लागतात. त्यांचे १० टक्के म्हणजे १७०. त्यास ४ ने भागले असता सुमारे ४२ ग्रॅम साखर येते. दोन लाडवांत ३२ ग्रॅम आणि दोन चमचे साखर घातलेल्या एका कप चहात सुमारे १० ग्रॅम, इतक्यानेच ही सीमा गाठली जाते. त्यावर मूठभर शंकरपाळे खाल्ले की ती ओलांडली जाते. एक लाडू खाऊन चहा सोडला, तर मात्र बरेच अंतर शिल्लक राहते. भागाकार व शेकडेवारी यांचा सराव, आणि आहाराचे ज्ञान, अशी दोन्ही कामे या एका उदाहरणाने साधतात.

येथे एक गैरसमज दूर करावा. गूळ कितीही खाल्ला तरी चालतो, असे पुष्कळांना वाटते. गुळात थोडे क्षार असतात हे खरे. पण त्याचा बहुतांश भाग साखरच असल्यामुळे हिशोबात तो साखरेबरोबरच धरावा. अख्ख्या फळातील गोडी मात्र या मर्यादेत मोजीत नाहीत. दिवाळीच्या सुमारास पेरू, सीताफळे बाजारात येतात. गोडाची हौस त्यांच्यावरही भागवावी.

केव्हा खावे

किती खावे याइतकेच केव्हा खावे यालाही महत्त्व आहे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दातांवरील कठीण आवरण झिजविते. लाळ हळूहळू त्या आम्लाचा प्रभाव नाहीसा करते. परंतु तिला त्यासाठी वेळ मिळावा लागतो. दिवसभर डब्यात हात घालून थोडे थोडे गोड खाणाऱ्या मुलाच्या दातांना ही उसंत मिळत नाही. तेवढाच लाडू जेवणाबरोबर खाऊन नंतर खळखळून चूळ भरली, तर अपाय पुष्कळ कमी होतो. झोपताना गोड खाऊ नये व दात घासूनच झोपावे.

दुसरी गोष्ट भुकेची. लहान मुलाचे पोट लहान असते. सकाळपासून शेव-शंकरपाळे खाल्लेले मूल जेवावयास बसत नाही. मग पालेभाजी, उसळ, ताक, फळ यांपासून मिळणारे लोह, जीवनसत्त्वे व चोथा त्याला मिळत नाहीत. यासाठी ‘आधी भाकरी, मग करंजी’ एवढे एकच सूत्र मुलांना सांगावे. घरातील वडीलधाऱ्यांनाही ते पटण्यासारखे आहे. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने त्यात अपायकारक द्रव्ये वाढतात. पालकसभेत माता-पालकांशी बोलताना याचाही उल्लेख करावा, आणि तळणीच्या चिवड्याऐवजी भाजक्या पोह्यांचा चिवडा सुचवावा.

ज्या घरी फराळ नाही

गावातील प्रत्येक घरात फराळाचा डबा भरलेला नसतो. काही कुटुंबे ऋण काढून सण साजरा करतात, काहींना तेही शक्य होत नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात. साखरेचा ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांची दिवाळी पुष्कळदा फडाजवळच्या कोपीत होते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने ठरविलेली आहेत. ज्याच्या दिवसभरातील हेच एक भरपेट जेवण असते, त्याला सुट्टी लागताच त्याची उणीव जाणवते. अशा मुलास ‘गोड कमी खा’ हा उपदेश निरर्थक तर आहेच, पण कठोरही आहे.

यास्तव सुट्टीनंतर वर्गात ‘कोणी काय काय खाल्ले’ अशी विचारणा करू नये. ‘माझी दिवाळी’ हा निबंध देताना फराळाच्या यादीऐवजी मातीचा किल्ला, आकाशकंदील, रांगोळी यांविषयी लिहावयास सांगावे. किल्ल्यास माती लागते, आणि ती सर्वांच्या अंगणात आहे. कोणाच्या अंगलटीवरून, मग ते मूल स्थूल असो वा कृश, वर्गात शब्दही काढू नये. वजन-उंचीची नोंद त्याला एकट्याला घेऊन करावी, व काळजीचे कारण दिसल्यास पालकांना खाजगीत सांगून आरोग्य केंद्राकडे पाठवावे.

शाळेत करावयाचे काम

सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात लाडवाचा हिशोब व दातांचा पाठ घ्यावा. कोणती मुले सुट्टीत गावात राहणार आणि कोणती बाहेर जाणार, त्याची टिपणी करावी. ज्यांच्या घरी अडचण आहे, त्यांच्याविषयी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांशी हलक्या आवाजात बोलून ठेवावे.

शाळा उघडल्यावर सामुदायिक फराळ करावयाचा असल्यास डबे मुलांच्या हाती उघडू देऊ नयेत. ज्यांना आणणे शक्य आहे त्यांचे पदार्थ आधीच एका मोठ्या परातीत एकत्र करावेत, म्हणजे कोणता लाडू कोणाच्या घरचा हे कळत नाही. शाळेच्या वतीने पेरूच्या फोडी, आवळे व भाजके शेंगदाणे त्यात घालावेत. प्रत्येकाच्या पानावर एक गोड पदार्थ, थोडा चिवडा व फळ सारखेच वाढावे, आणि सर्वांनी नळावर जाऊन चूळ भरावी. ज्याच्या घरी पुष्कळ आहे त्याला एक लाडू पुरतो हे त्या दिवशी कळते, आणि ज्याच्या घरी नाही त्याच्याही पानावर तो एक लाडू असतो.