हसत-हसत तलवारबाजी : ‘आँ गार्द!’

फ्रान्सच्या फायरप्लेस गेम्सचा हा विनोदी व्हिडिओ गेम २०२३मध्ये आला. कथा १७व्या शतकातल्या स्पेनमधली. १६४०पर्यंत स्पेनचा राजाच पोर्तुगालच्याही गादीवर होता. म्हणजे वसईत, होळी या भागापासून जवळच असलेल्या किल्ल्यावरही अंमल त्याचाच.

जमेच्या बाजू
• रक्तपात नाही. नायिका आदालिया सैनिकांची टर उडवत लढते.
• डोक्यात बादली घाला, जिन्यावरून लाथ मारून पाडा, झुंबर कोसळवा. हाताशी येईल ती वस्तू हत्यार.
• वार नेमक्या क्षणी अडवण्यातली मजा.

उणे बाजू
• मुख्य कथा चारच भागांची. काही तासांत संपते.
• गर्दीत कॅमेरा गोंधळतो, मागचा वार दिसत नाही.
• एकट्यानेच खेळायचा. मित्राशी झुंज नाही.